शाई वाळायच्या आत

१

दगड जाग्यावर नव्हता.

मी गोणपाट झटकलं, बसायची गादी उलटी केली, परातीच्या मागं हात घालून बघितलं. न्हाई. समोर पखवाज उभा, त्याच्या तोंडावर मी आत्ताच दिलेला शाईचा थर ओला चमकायलता, अन् तो घोटायचा दगडच गायब.

ज्यानं हे काम बघितलं न्हाई त्याला सांगते. पखवाजाच्या पुडीवर, म्हंजे तोंडावरच्या कातड्यावर, ती काळी गोल टिकली दिसते का, ती शाई. लोखंडाचा कीस अन् शिजलेला भात मळून करतात. एकदम थापत न्हाईत. एक थर द्यायचा, दगडानं घोटायचा, मग दुसरा थर. घोटल्याबिगर थर वाळला की पापडागत उचलतो. मग आख्खी पुडी फेकायची, अन् नवी करायला आठवडा जातो.

दगड बी कुठला बी चालत न्हाई. गुरप्पा मामाचा दगड त्याच्या उस्तादाच्या हातातला. मुठीत मावल एवढा, लांबट गोल, काळा. घासून घासून काचेगत झालेला. दुसरा दगड लावला की कातडं खरवडतो.

पखवाज खटकचिंचोळीच्या भजनी मंडळाचा. आज सांजच्याला त्यांचा सप्ता बसायचा. मंडळाचे धनराज काका सकाळपासून दुकानाच्या शटरच्या आतल्या पायरीवरच बसून, पखवाज घेतल्याबिगर हलत न्हाई म्हणून.

अन् मी? मामानं दिवाळीत पहिल्यांदा दगड माझ्या हातात दिला. मामीला पटलं न्हाई, बापाला तर न्हाईच. बाप गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीत हमाल. नववीतनं शाळा सोडल्यावर मला तिथं नेलं व्हतं. एक खोली, खिडकी न्हाई. कामाला जाताना बाहेरून कडी घालायचा, जमाना खराब हाय म्हणून. दोन महिने मी भिंतीचे पोपडे मोजले. मग मामानं आणलं, पण बापाला शब्द देऊन: कामात चुकली की परत धाडतो.

त्यामुळं मी आधी ओरडले न्हाई. गुपचूप शोधलं. पण बाहेरच्या खोलीत दुकान बघायला आलेली शाळेची पोरं, त्यातला एक पडदा सारून आत डोकावला अन् म्हणला, "ताई, काय हरवलंय?"

मामानं ऐकलं. आत आला, पखवाज बघितला, माझा रिकामा हात बघितला. बाहेर गेला अन् शटर खाली ओढलं. आतनं कुलूप घालून किल्ली बनियनच्या आत टाकली.

"दगड सापडंस्तोर कुणी बाहेर जायचं न्हाई," म्हणला.

२

दुबलगुंडीतलं आमचं दुकान म्हंजे दोन खोल्या, एकामागं एक. वर पत्रा. बाहेरच्या खोलीत विकायचा माल, ढोलकी, दिमडी, तबल्याच्या जोड्या, अन् आतल्या दारापाशी भिंतीत देवाचा कोनाडा. आत मी बसते ती घोटायची खोली, मधी नुसता पडदा. आतल्या खिडकीला गज. दार म्हणाल तर शटर, एकच.

त्या दोन खोल्यांत शाळेची वीस-पंचवीस पोरं. बिनदप्तराचा शनिवार व्हता, म्हणून बसवप्रभु सरांनी वाद्यं कशी बनतात ते दाखवायला आणलेली. हेच सर मला नववीत शिकवायचे. आल्या आल्या म्हणले, अरे वा, अंबिका, इथं तरी टिकलीस म्हणायची. पोरं हसली. माझ्या हातात रापी व्हती, कातडं कापायची. मी ती खाली ठेवली अन् आत गेले.

सरांसंगं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सिद्धव्वा अक्का बी आलत्या, पोरांवर नजर ठेवायला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी.

शटर पडलं अन् थोड्या वेळात करंट गेला. पंखा थांबला. पत्रा तापायला लागला. एक बारकी पोरगी पाणी मागायला लागली. मी घागर वाकडी केली तर तळाला घोटभर. सकाळी मीच काठोकाठ भरली व्हती. मला वाटलं पोरांनी पिली. पोरं म्हणली आम्ही हात बी लावला न्हाई, तुझा मामा रागवल म्हणून. मग ती पोरगी रडायला लागली, तिचं बघून दुसरी. एकाला लघवीला जायचं व्हतं. मामा शटरला पाठ लावून बसलेला, हलायला तयार न्हाई.

आतली शाई कडेनं चमक सोडायलती. मी ओलं फडकं पिळून वर धरलं, वाफेनं जरा धीर धरते. जरा म्हंजे जराच.

सर मधी उभे राहिले. आवाज वर्गातला.

"गुरप्पा, दगड शेवटी कुणाच्या हातात होता?"

मामानं माझ्याकडं बघितलं.

"मग बाकीच्यांना कोंडून काय उपयोग? ही पोरगी रागीट आहे. मी सकाळी चार पोरांसमोर बोललो, तिला लागलं असेल. दिला असेल गजातून फेकून."

माझं टाळकं सरकलं. सरांनी जरा माझ्या हाताच्या टप्प्यात येऊन बोलावं असं मला लई वाटलं. पण मामा उठला, गजातनं बाहेर बघितलं. खाली मोकळी जागा, नुसतं वाळलेलं गवत. काहीच न्हाई. तरी त्यानं फोन काढला. बापाला लावला. बाप त्या दिवशी हुमनाबादलाच व्हता, डाळीची गाडी उतरवायला.

"येऊन घेऊन जा तुझ्या पोरीला," मामा म्हणला अन् फोन ठेवला.

हुमनाबादहून इथं यायला लई वेळ लागत न्हाई, मला ठाऊक हाय. अन् तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या सोमशेखर नावाच्या पोरावर गेली. मघाशी पडद्यातनं डोकावलेला तोच. दोन्ही हात चड्डीच्या खिशावर दाबून उभा. खिसा टम्म फुगलेला.

३

मी त्याची मानगूट धरली. खिशातनं निघाला लाकडाचा गठ्ठा, पखवाजाच्या कातडी वादीत अडकवून सूर चढवतात तो. घरी नेऊन भोवरा करायचा व्हता म्हणं. रडायलता, नाकाचा शेंबूड ओठावर. मी गठ्ठा घेतला अन् सोडलं.

पण त्याच्यामुळं एक गोष्ट डोक्यात शिरली. एवढासा गठ्ठा खिशात लपंना. दगड त्याच्या दुप्पट. पोरांजवळ दप्तर न्हाई. मग पोरांना वगळा.

धनराज काकांना विचारलं. ते मंडळाच्या काळजीनं आधीच कावलेले. म्हणले, पोरं आल्यापासून मी पायरीवर आडवा पाय टाकून बसलोय, मला ओलांडून माशी बी गेली न्हाई, अन् मी उठलो न्हाई कारण माझा गुडघा धरलाय. मग मला वरून खालून बघून म्हणले, आमच्या गावात पखवाज न वाजता सप्ता बसला तर लोकं माझ्या दारात येऊन बसतील, तुला काय, तू जाशील गुलबर्ग्याला. मी दातावर दात ठेवून ऐकलं. पण काकांचं म्हणणं खरं असल तर दगड दुकानातच हाय. मामानं सगळं पालथं घातलं व्हतं. ढोलकीत हात घातला, डग्गे उलटे केले, पोत्यात बघितलं.

सर स्वतःहून म्हणले, मी आतल्या खोलीत पाय टाकला न्हाई. पडद्याजवळून एक फोटो काढला शाळेच्या ग्रुपवर टाकायला, तेवढंच. अन् पुरावा म्हणून फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"बघ. मी फोटो काढला तेव्हाच दगड नव्हता. म्हणजे तू आधीच गायब केलेला."

फोटोत पखवाज, ओली शाई, शेजारी मोकळी गादी. दगड न्हाई, खरंच. पोरं गोळा झाली. मामानं बी बघितला. त्याचा चेहरा अजून पडला. कारण मामानं मला बाहेर बोलावलं व्हतं, वादी कशी ओढायची ते पोरांना दाखवायला, तेव्हा दगड गादीवर ठेवून आले असं मी शपथेवर सांगितलेलं.

सिद्धव्वा अक्का भिंतीला टेकून उभ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. मी त्यांना काही विचारलं न्हाई. कुणीच विचारलं न्हाई. सरांनी पोरांना रांगेत उभं केलं तेव्हा बी त्यांना रांगेत घेतलं न्हाई.

मामा कोनाड्यापुढं जाऊन उभा राहिला. आत बसवण्णाची तसबीर अन् खाली शेतातनं आणलेले देवाचे गोटे. मामानं हात जोडले, डोळे मिटले अन् मोठ्यानं म्हणला, "देवा, दगड दे रे. नारळ फोडतो."

मी त्याच्या पाठीमागं. मला देवाला सांगायचं सुचंना, म्हणून नुसती बघायलते. पिवळी कण्हेर खाली गोट्यांवर पडलेली दिसली. सकाळी ते फूल मी तसबिरीच्या चौकटीत खोचलेलं. वाऱ्यानं पडलं असल, असं मनात आलं.

मग ध्यानात आलं की कोनाड्यापर्यंत आमच्या पंख्याचं वारं कधीच पोचत न्हाई. उदबत्तीचा धूर सरळ वर जातो.

तेवढ्यात बाहेरनं कुणीतरी शटर बडवलं.

४

बाप नव्हता. टपरीवाला, आतनं रडणं ऐकून आलेला. मामानं त्याला हाकललं.

मी आत जाऊन पखवाजापुढं बसले. शाईच्या कडेला केसाएवढी चीर पडायला लागलेली. ओलं फडकं धरून डोकं चालवायला लागले. राग आला की मला नीट सुचतं, लोकं उलटं समजतात.

सरांचा फोटो डोळ्यापुढं आणला. शाई त्यात पुरी गोल दिसायलती, ताटातल्या भाकरीगत. पडद्याजवळ उभं राहून बघितलं तर ती गोल दिसत न्हाई, लांबट दिसते, कारण पखवाज उंबऱ्यापासून चांगला लांब हाय. गोल दिसायला त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागतं. मी उठून पडद्याजवळून बघितलं. परत येऊन वरून बघितलं. झालं.

अन् दुसरं. सरांनी फोन नाकासमोर धरला तेव्हा खालच्या बारक्या भोकांपाशी काळं काहीतरी चिकटलेलं दिसलं व्हतं. मळ म्हणून सोडलेलं.

बाहेर गेले अन् सरांना म्हणलं, फोन परत दाखवा. त्यांना वाटलं मी फोटो बघायली. मी भोकांवर बोट फिरवलं. ते काळं निघालं न्हाई, दाढीच्या खुंटागत परत उभं राहिलं. लोखंडाचा कीस. फोनच्या आत चुंबक असतं, भोंग्याचं, त्याला चिकटतो. माझ्या फोनला रोज चिकटतो, म्हणून मी फोन आत नेतच न्हाई.

"सर, ह्यो कीस दुकानात एकाच परातीत हाय. ती आत, गादीच्या पलीकडं. पडद्याजवळ उभं राहून फोनला कसा लागला?"

सर म्हणले उडाला असल. लोखंड उडत न्हाई, मी म्हणलं. तुम्ही फोन परातीत ठेवला, कारण हात मोकळा पाहिजे व्हता. त्या हातानं काय उचललं?

सगळी पोरं सरांकडं बघायला लागली. मामा बी. सर आधी लाल झाले, मग रुमाल काढला.

"फोटोत घाण दिसत होता तो," हळूच म्हणले. "गादीवर काळा गोळा. मी बाजूला ठेवला. नुसता बाजूला."

"कुठं?"

"पडद्याच्या उंबऱ्यापाशी. खाली. नंतर विसरलो, आणि गुरप्पानं शटर ओढल्यावर..." पोरांकडं बघून रुमालानं तोंड पुसलं. पोरांसमोर कसं बोलणार.

मामा उंबऱ्याकडं धावला. उंबऱ्यापाशी काहीच नव्हतं.

५

पण माझ्यासाठी आता सोपं झालेलं. दगड चोरायला कुणी आत गेलंच नव्हतं. दगड उंबऱ्यावर आला, पोरांच्या पायांत. काळा, गुळगुळीत, ओला, अंड्यागत लांबट. पोरं येता-जाता त्याला पाय लावायलती. आमच्याकडच्या माणसाला असला दगड पायाखाली दिसला तर काय वाटल?

घागरीतलं पाणी कुणी पिलं नव्हतं. मी कोनाड्याखालची भिंत बघितली. चुन्यावर काळा ओघळ, सुकलेला, आमच्या शाईच्या रंगाचा. कुणीतरी आख्खी घागर तिथं ओतली व्हती. मी वादी ओढून दाखवल्यावर सगळे मामाचं ढोलकी वाजवणं बघायला पाठ करून उभे असताना.

मी कोनाड्यात बघितलं. गोट्यांच्या मधी एक गोटा जास्तीचा. कपाळागत तीन पट्टे विभूतीचे, ठळक, ताजे. वर माझी कण्हेर. मामानं हात जोडले तेव्हा त्याच्या नाकापासून वीतभर लांब.

अन् आमच्या डबीतली विभूती दोन दिवसांपासून संपलेली. मीच आणायची विसरलेले, त्यावर मामीच्या शिव्या खाल्लेल्या. म्हंजे विभूती बाहेरून आली. दुकानात विभूती जवळ बाळगणारं माणूस एकच व्हतं, कमरेच्या चंचीत.

मी वळले. सिद्धव्वा अक्कांचे डोळे भरलेले.

मला नाव घ्यायची गरज पडली न्हाई. त्याच पुढं आल्या अन् मामाला हात जोडून सांगायला लागल्या, कानडीत सुरू केलं, मग मराठीत. लेकरं लिंगाला पाय लावायलती, मला बघवलं न्हाई, धुतलं अन् वर ठेवलं. मग तुम्ही दगड दगड ओरडायला लागलात तेव्हा कळलं की हाच त्यो दगड. सांगायला आले व्हते, पण सरांचा आवाज चढलेला, खिचडीचं काम त्यांच्या सहीवर. अन् विभूती लावलेला देव माझ्या हातानं खाली कसा काढू?

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले, बारीक आवाजात, त्यांनाच ऐकू जाईल असं.

"सर, अक्काच्या कामाला धक्का लागला तर त्या फोटोची सगळी गोष्ट मी ग्रुपवर सांगीन. पोरांच्या आया त्याच ग्रुपवर हायत."

सरांनी तोंड मिटलं.

मला वाटलं सुटले. मामा कोनाड्यापुढं गेला, हात वर नेला. तिथंच थांबला. परत खाली आणला.

"आता कसा घ्यायचा," म्हणला. "पूजा झाली की. देव झाला. तो कातड्यावर घासायचा? मेलेल्या जनावराच्या?"

धनराज काका पायरीवरनं म्हणले, गुरप्पा, माझा सप्ता. मामा म्हणला, काका, तुम्ही काढा मग. काकांनी मान खाली घातली. कुणीच पुढं होईना. आत शाई वाळायली. मला ओरडावं वाटायलतं. हात बी लांब केला मी, खरं सांगते, पण माझा हात बी अर्ध्यात अडकला.

सिद्धव्वा अक्कांनी डोळे पुसले. कोनाड्यापुढं वाकल्या, कपाळ टेकवलं, अन् दोन्ही हातांनी दगड खाली घेतला. पदरानं तिन्ही पट्टे पुसले. मामाकडं बघितलं.

"अप्पा, मी वर ठेवायच्या आधी इतकी वर्षं कातड्यावरच व्हता की. तेव्हा त्याला काय झालं?"

अक्कांनी दगड त्याच्या हातात दिला न्हाई. मला दिला. पाण्यानं गार लागायलता.

मी आत पळाले. चिरीवर पाण्याचं बोट फिरवलं, बोटभर शाई लावली, अन् दगड टेकवला. पहिले काही फेरे तो अडखळला. मग कडेपासून मधीपर्यंत सरकायला लागला. मामा शेजारी उकिडवा बसला, कान पुडीजवळ नेऊन. एकदा माझं मनगट धरून जरा हलकं कर म्हणला. बाकी काही न्हाई. पडद्यातनं पोरं एकावर एक चढून बघायलती, सोमशेखर सगळ्यात खाली. कुणी पाणी मागंना, कुणी रडंना.

शटर परत वाजलं. ह्या वेळी आवाज बापाचाच.

मामा उठला, कुलूप काढलं, शटर कमरेएवढं वर केलं. उजेड आत आला, पायांच्या सावल्या आल्या. बाप वाकून आत बघायलता, खांद्यावर डाळीची धूळ. कुठाय ती, म्हणला, गाडी उभी हाय बाहेर.

माझा हात थांबला न्हाई. थांबला असता तर थर फाटला असता.

मामानं बापाला आत घेतलं, पायरीवर धनराज काकांशेजारी बसवलं.

"बस," म्हणला. "तिचा हात रिकामा न्हाई. अजून लई थर बाकी हायत. गाडी जाऊ दे."